मेंढरांचा वकील

बिराप्पा गेला आणि आमच्या गावाला कळलं की तो थोर होता. तोवर नुसती डोकेदुखी होती.

जत तालुक्यातल्या आमच्या गावचं गायरान मेंढरांना चरायला मोकळं राहावं, म्हणून हा चौथी पास धनगर बावीस वर्षं तहसील कचेरीत खेटे घालत होता. अर्ज मी लिहायचो, सही तो करायचा, शिव्या दोघांनी खायच्या. गाव त्याला चेष्टेनं 'मेंढरांचा वकील' म्हणायचं. कचेरीतून येताना लेकीला, अपेक्षाला, चिरमुरे आणि बायकोला, हरणाबाईला, पानाचा विडा आणायला मात्र हा वकील कधी चुकला नाही.

तेराव्याला शोकसभा ठेवली, तीही गायरानातच. सरपंच नानासोंनी फ्लेक्स करून आणला. छापणाऱ्यानं 'वकील' ऐकलं आणि छापून मोकळा झाला : 'कै. अ‍ॅड. बिराप्पा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' वर हात जोडलेले नानासो, बिराप्पाच्या दुप्पट. मेलंय कोण, हेच पाव्हण्यांना कळेना. मला हसू आलं आणि मग रडूही.

"वकीलसायबांचा कायद्याचा अभ्यास लय दांडगा," नानासो माइकवर म्हणाले. त्याच्या एकाही अर्जावर सही न करणारे, एकही ग्रामसभेपुढं न ठेवणारे ते हेच. "ह्याच गायरानात त्येंच्या नावानं सभागृह बांधू. चारी बाजूंनी भिंत घालू!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सरपंच बोलले की आमचे हात आपोआप वाजतात. नंतर मात्र माझी मलाच लाज वाटली.

हरणाबाईला शाल द्यायला वर बोलावलं. तिनं शाल घेतली नाही, माइक घेतला.

"अपे, सोड गं!"

मंडपामागून अपेक्षानं कळप सोडला. शंभरेक मेंढरं खुर्च्या पाडत आत घुसली, झेंडूच्या माळा खायला लागली. फ्लेक्स पालथा पडला.

"हाकला! हाकला!" नानासो ओरडले.

"आवं नानासो, हाकलताय कुनाला? ह्ये वकिलाचं पक्षकार हायती. बावीस वर्सं त्येंची बाजू कुनी ऐकली न्हाई. भिंत कुठनं घालायची, आता ह्येंनाच इचारा."

पडलेल्या फ्लेक्सची पांढरी पाठ वर आली होती. मी मंडपवाल्याकडून जाड पेन घेतला, गुडघ्यावर बसलो आणि त्यावर बिराप्पाचा जुनाच अर्ज लिहिला : गायरान मेंढरांनाच राहावं, बांधकाम नको. मला तो तोंडपाठ होता.

पेनाची शाई फासून हरणाबाईनं पहिला अंगठा उठवला. मग पाव्हणे सोडून सगळं गाव ओळीनं वाकलं. समोर मोबाइल रोखलेले, त्यामुळं नानासोंनाही वाकावं लागलं. आपल्याच फोटोच्या पाठीवर त्यांनी सही केली.

बावीस वर्षांत न मिळालेली सही अर्ध्या तासात मिळाली. बिराप्पा, एवढ्यासाठी तुला मरावं लागलं रं.