बारीक केलेली जीन्स

मित्रांनो, मी एक जुनी जीन्स आहे. निळी म्हणवते, पण आता निळेपणा फक्त खिशांच्या आत उरला आहे. तुमच्या कपाटातल्या जीन्स दुकानातून तयार आल्या असतील. माझे तसे नाही. मला टेलरकाकांनी मापे घेऊन शिवले. तेव्हा बेलबॉटमची चलती होती. मांडीला घट्ट आणि गुडघ्याखाली घंटेसारखा घेर! चालताना पायातले बूटसुद्धा दिसत नसत.

माझ्या मालकिणीला, म्हणजे ताईला, नेमके तेच हवे होते. लहानपणीच्या आजाराने तिचा डावा पाय बारीक राहिला होता. त्या पायात ती कॅलिपर घाली. जड बूट, त्यातून निघून गुडघ्याखालपर्यंत जाणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या आणि वर चामड्याचा पट्टा. मला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायचे, कॅलिपर बांधायचा आणि मला खाली सोडायचे. लोखंड दिसेनासे होई. मग रस्त्यात कोणी "अगं बाई, पायाला काय झालं?" असे विचारत नसे.

नोकरीसाठी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती. दोन्हीकडे आधी पायाकडे पाहिले गेले, मग दाराकडे. तिसरे बोलावणे घड्याळांच्या कारखान्यातून आले. सकाळी अकरा वाजता मुलाखत, पोशाख पॅन्ट-शर्ट. आदल्या दिवशी ताईने मला धुऊन इस्त्री केली आणि खुर्चीवर ठेवले.

"या वेळी पाय दिसूच द्यायचा नाही," ती आईला म्हणाली. "आधी काम बघू देत. पाय मागाहून."

हे बोलणे ताईच्या धाकट्या बहिणीने ऐकलेच नाही. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती घरात टिकतच नसे. तिला एवढेच कळले होते की ताईची मुलाखत आहे आणि बेलबॉटम आता जुनी झाली. रस्त्यावरच्या मुली सरळ, अरुंद पायांच्या जीन्स घालू लागल्या होत्या. ताईला कोणी हसू नये म्हणून तिने मला गुपचूप उचलले आणि टेलरकाकांकडे नेले.

"घेर काढून टाका, काका. एकदम नव्या फॅशनची करा."

"ताईला विचारलंस का गं?"

"तिला गंमत द्यायचीय!"

काकांनी माझ्यावर खडूच्या रेघा ओढल्या. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! कात्री गुडघ्यापासून खाली सरकत गेली आणि माझे घेर टेबलावरून चिंध्यांच्या पोत्यात पडले. संध्याकाळी भिंगरीने मला घडी घालून पुन्हा खुर्चीवर ठेवले.

मुलाखतीच्या दिवशी साडेनऊला ताईने मला पायात घातले. उजवा पाय गेला. डावाही गेला. मग ती मला गुंडाळून वर घेऊ लागली. मी पोटरीवरच अडले. तिने जोर लावला. मी तसूभरही हलले नाही.

"आई, ही माझी जीन्स नाही."

भिंगरी दारात उभी होती, हसू आवरत. "तुझीच आहे! बघ, कशी नवी दिसते..."

ताईने शेजारचा कॅलिपर उचलून तिच्यासमोर धरला. "आणि हा कुठे घालू? डोक्यावर?"

भिंगरी चप्पल न घालताच टेलरकाकांकडे पळाली. पावणेदहा झाले. घरात दुसरी पॅन्ट नव्हती. दहाची बस चुकली तर पुढची अकराला होती. आई कधी घड्याळाकडे बघे, कधी माझ्याकडे. भिंगरी धापा टाकत परतली तेव्हा तिचे हात रिकामेच होते.

"पोतं सकाळीच गादीवाल्याकडे गेलं. ताई, मी मुद्दाम नाही गं..."

ताईने शिवणाच्या डब्यातून ब्लेड काढले. माझ्या डाव्या पायाची बाहेरची शिवण तिने तळापासून टरकन उसवायला घेतली. पिवळे दोरे तटातट तुटत गेले. गुडघ्याशी तिचा हात थांबला. तिने कॅलिपर बांधला. माझे दोन पदर पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना लोंबू लागले आणि मधून लोखंड चकाकू लागले.

"पिना लावते," भिंगरी रडत म्हणाली.

"नको. पिन सुटली की सगळे तिकडेच बघत बसतील. उघडंच राहू दे."

बस मिळाली, पण ताईचे हात बर्फासारखे गार होते. माझ्या मांडीवर ते टेकलेले होते, म्हणून मला ठाऊक.

कारखान्यातली ती खोली लांबलचक होती. दारापासून खुर्चीपर्यंत टक्, टक्, टक्. टेबलामागे एक साहेब आणि एक करड्या केसांच्या विभागप्रमुख बाई.

साहेब माझ्या फटीकडे पाहत म्हणाले, "पायाचं अर्जात लिहिलं नाहीत."

"अर्जात पायाची जागा नव्हती, साहेब. हातांचं विचारलं होतं, ते लिहिलं." ताईने श्वास घेतला. "खरं सांगू? झाकूनच येणार होते. धाकट्या बहिणीने घेर कापून आणला, म्हणून झाकता आलं नाही."

साहेबांनी अर्ज मिटला. मला वाटले, झाले, आता पुन्हा दाराकडे. पण बाईंनी एक ताटली पुढे सरकवली. "दहा स्क्रू. चिमट्याने या पट्टीवर बसवा. एक जरी हरवला, तरी घरी जायचं."

खसखशीएवढे स्क्रू होते ते! एक बसला. पाच बसले. नऊ बसले. दहावा चिमट्यातून उडाला.

साहेबांनी खुर्ची मागे सारली. ताई जागची हलली नाही. मान न वळवता तिने डावा हात खाली आणला आणि माझ्या उसवलेल्या कडेवरून बोट फिरवू लागली, हळूहळू, दोऱ्यादोऱ्यातून. स्क्रू माझ्या एका तुटक्या पिवळ्या दोऱ्यात अडकला होता. मी जीव मुठीत धरून त्याला धरले होते. बोट पुढे गेले... मागे आले... थांबले.

दहावा स्क्रू बसला.

बाईंनी पट्टी भिंगाखाली धरली आणि बराच वेळ पाहिली. "उद्या सातला या. तीन महिने बघू. आणि त्या बुटाला तेल द्या, फार कुरकुरतो."

आमच्याच बसने आलेली भिंगरी बाहेर बसथांब्यावर उभी होती, अजून अनवाणी. "ताई, मारलंस तरी चालेल."

"मारीन नंतर. आधी बसमध्ये चढव."

मित्रांनो, ते तीन महिने पुढे तीस वर्षे झाले. भिंगरी टेलरकाकांच्या हाताखाली शिवण शिकली आणि माझ्या फटीला तिने स्वतः चेन लावली. माझ्यानंतर कितीतरी फॅशन आल्या नि गेल्या. ढगळ आल्या. कमरेवरून घसरणाऱ्या आल्या. सापाच्या कातीसारख्या चिकटणाऱ्या आल्या. गुडघ्यावर फाटक्या आल्या तेव्हा ताई पोट धरधरून हसली. आता पुन्हा घेरदार आल्या आहेत म्हणे. ताईच्या भाचीने मला नव्याने घेर जोडायचा हट्ट धरला होता. "मावशी, आता पाय झाकता येईल तुझा!"

"झाकायचाय कुणाला?" ताई म्हणाली आणि तिने माझी चेन सर्रकन वर ओढून गुडघ्यापर्यंत उघडली.

भिंगरीचे आता स्वतःचे दुकान आहे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ती खडू बाजूला ठेवते आणि आधी त्याला चालून दाखवायला सांगते, बसायला सांगते, जिना चढायला सांगते. लोक वैतागतात. "अहो, फक्त बारीक करायचीय!" ती ऐकत नाही.

मित्रांनो, जुने कपडे बदलायचे तर खुशाल बदला. पण ज्याच्या अंगावर तो कपडा जाणार, त्याला विचारल्याशिवाय कात्री उचलू नका. शिवण उसवली तर पुन्हा घालता येते. माझे घेर मात्र कुणाच्या तरी गादीत अजून पडून आहेत.