क्लेमेंटिनाने नाकारलेला माणूस

हिलरी पॉबजॉयने उभा जन्म इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या स्टोकब्रुक गावच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर नद्या-डोंगरांना कायमचा रामराम ठोकून एक प्रेमकथा लिहिली. तीही साधीसुधी नाही. दोनशे वर्षांपूर्वीची, घोडागाड्यांची, नाचाच्या मैफलींची, उमराव-सरदारांची आणि वर विनोदी. नाव ठेवलं, 'लेडी क्लेमेंटिनाला आलेल्या तीन मागण्या'. श्रॉपशरमधल्याच एका लहानशा प्रकाशकाने ती छापली. मुखपृष्ठावर एक सुंदरी अशी काही मागे झुकली होती की हिलरीलाच तिच्या कंबरेची काळजी वाटावी.

कथा सरळ होती. क्लेमेंटिनाला तीन जण लग्नाचं विचारतात. पहिला एक म्हातारा ड्यूक, तो विचारता विचारताच झोपी जातो. दुसरा शेजारचा जमीनदार अँब्रोज टिडकोम. हा भर नाचात तिला शेतात साचलेलं पाणी कसं काढून द्यावं ते समजावत असतो आणि त्याच दमात लग्नाचंही विचारून टाकतो. तिसरा लॉर्ड रेव्हनहर्स्ट. काळे केस, काळा घोडा, काळा भूतकाळ. क्लेमेंटिना कोणाला हो म्हणते ते सांगायला नकोच. आणि या सगळ्यांच्या मध्ये लेडी ग्रिम्पल नावाची एक खाष्ट बाई कोणी कसं बसावं, काय खावं आणि कोणाच्या गळ्यात माळ घालावी हे सांगत फिरते.

ही माणसं काही आभाळातून पडली नव्हती. लेडी ग्रिम्पल म्हणजे नखशिखांत प्रूडन्स अॅकर्ली, स्टोकब्रुकच्या वाचकमंडळाची तहहयात अध्यक्ष. आणि टिडकोम म्हणजे हिलरीचा नवरा लेन. लेन पाणीखात्यात इंजिनियर होता. नोकरी सुटली, पण गटारं आणि उतार सुटले नाहीत. कुणाच्या घरी जेवायला गेला की आधी अंगणातलं पाणी कुठे जातं ते बघून यायचा आणि सूप येईपर्यंत यजमानांना त्यांचं भवितव्य सांगायचा. हिलरीने त्याला पुस्तकात घातलं तेव्हा तिला फारसं काही वाटलं नाही. लेन कादंबऱ्या वाचत नसे. ती त्याबाबत निर्धास्त होती. धास्ती होती ती प्रूडन्सची.

पुस्तक आलं आणि इंटरनेटवर वाचकांचे अभिप्राय येऊ लागले. हिलरीने ठरवलं होतं, ते बघायचे नाहीत. म्हणून ती फक्त चहा पिताना बघायची, आणि चहा सारखा प्यायची. एकीने लिहिलं होतं, 'हसून हसून पोट दुखलं.' तिच्या खाली दुसरीने, 'विनोदी म्हणून घेतलं, एकदाही हसू आलं नाही, शेवटी मात्र रडले.' तिसरीला चुंबनं कमी वाटली, चौथीला एक होतं तेही जास्त. एका गृहस्थाने पुस्तकाला पाचपैकी एकच तारा दिला होता. कारण पार्सल पावसात भिजून आलं. त्याने पुस्तक उघडलंच नव्हतं, पण लिहिलं होतं, 'लेखिकेने याचा विचार करायला हवा होता.' हिलरी दोन दिवस त्याचा विचार करत होती.

आणि मग प्रूडन्सचा फोन आला.

"हिलरी, मंगळवारी दुपारी आम्ही तुझं पुस्तक घेतोय. तू यायचंच. लेखक समोर असला की लोक जरा जबाबदारीने बोलतात."

"अगं पण प्रूडन्स, मी समोर असले तर लोकांना मोकळेपणाने..."

"मोकळेपणा नकोच आहे मला. निळा स्वेटर घाल, तो हिरवा तुला शोभत नाही."

हिलरीने फोन ठेवला. हे शेवटचं वाक्य, स्वेटरच्या जागी शाल घातली की, सातव्या प्रकरणात लेडी ग्रिम्पलच्या तोंडी जसंच्या तसं होतं.

मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळ जमलं. हिलरीची जुनी मैत्रीण ग्वेन स्प्रॅटली लिंबाचा केक घेऊन आली होती. शेजारी बेसिल ट्रेगियर. हा पूर्वी हिलरीच्याच शाळेत इतिहास शिकवायचा आणि लोकांच्या चुका काढणं हाच त्याचा विरंगुळा होता. आणखीही चार-पाच बाया होत्या, पण प्रूडन्स असली की त्या बहुधा मान डोलवायलाच येत.

सुरुवात बेसिलने केली. "हिलरी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण रेव्हनहर्स्टची गाडी लंडनहून निघते तेव्हा तिला दोन घोडे आहेत. बाथला पोचते तेव्हा चार. वाटेत शिंगरं झाली की काय?"

"बदलले असतील वाटेत," हिलरी पुटपुटली.

"बदलल्याने घोडे वाढत नाहीत."

"बेसिल, सरळ बसा, तुमची बशी कलंडतेय," प्रूडन्स म्हणाली. "आता मी बोलते. स्पष्टच सांगते, मला हे पुस्तक आवडेल असं वाटलं नव्हतं, आणि आवडलंही नाही. पण ती लेडी ग्रिम्पल!"

 हिलरीने कप खाली ठेवला आणि दार किती लांब आहे ते बघून घेतलं.

"ती बाई मी पहिल्या पानावर ओळखली," प्रूडन्स म्हणाली. तिने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि मग एकदम हसली. "माझी नणंद! डॅफ्नी! अगदी हुबेहूब! दुसऱ्याच्या घरात जाऊन पडदे कसे लावावे ते सांगणारी. हिलरी, तू तिला भेटलीस कधी? ग्वेन, तो केक त्या टेबलावर नको, इकडे आण. आणि खिडकी कोणीतरी लावून घ्या. मी हसून हसून बेजार झाले. असली माणसं असतात हो जगात, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला पत्ताच नसतो!"

मान डोलवणाऱ्या बायांनी मान डोलवली. त्यातल्या एकीला एकाएकी खोकला आला आणि ती रुमालात तोंड खुपसून बसली. बेसिल अतिशय गंभीर चेहऱ्याने छताकडे बघत होता. हिलरीचा जीव भांड्यात पडला. मग तिचं ग्वेनकडे लक्ष गेलं.

ग्वेन केक कापत होती, पण तिचे कान लाल झाले होते. "लेडी ग्रिम्पल केकची फोड इतकी पातळ कापते की पलीकडचं झुंबर दिसतं," ती सुरीकडे बघत म्हणाली. "पान बावन्न." आणि तिने एक फोड हिलरीच्या बशीत ठेवली. फोड तशी पातळच होती. त्यानंतर ती हिलरीशी एक शब्द बोलली नाही.

चर्चा टिडकोमवर आली आणि खोलीत दोन तट पडले.

"तो माणूस पुस्तकात हवाच कशाला?" प्रूडन्स म्हणाली. "दर वेळी येतो आणि पाण्याबद्दल बोलतो. त्याला नाकारल्यावर मी टाळी वाजवली."

"मला तो पटला," खोकणारी बाई रुमालातून म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं. या बाईचा आवाज मंडळात आजवर कोणी ऐकला नव्हता. "रेव्हनहर्स्ट देखणा आहे हो. पण लग्नानंतर छप्पर गळायला लागलं तर तो काय करणार? घोड्यावर बसून निघून जाणार. माझा पहिला नवरा तसाच गेला."

"कादंबरीत छपरं गळत नसतात," प्रूडन्सने निकाल दिला.

तेवढ्यात दार उघडलं. लेन हिलरीला न्यायला आला होता, आणि नेहमीसारखा वेळेच्या बराच आधी. तो ओला रेनकोट हातावर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायला निघाला, पण प्रूडन्सच्या तावडीतून अजून कोणी सुटलेलं नव्हतं.

"लेनर्ड, तुम्हीच सांगा. बायकोच्या पुस्तकाबद्दल तुमचं काय मत?"

"अगं, तो कादंबऱ्या वाचत नाही," हिलरी घाईघाईने म्हणाली.

"वाचली ही," लेन म्हणाला. "दोनदा."

हिलरीला खोलीतलं बाकीचं काही दिसेनासं झालं.

"बाराव्या प्रकरणात एक चूक आहे," लेन म्हणाला. "टिडकोमने खणलेला चर घराच्या दिशेने उतरतो. पाऊस झाला की सगळं पाणी स्वयंपाकघरात. त्याच्यासारखा माणूस असं करणार नाही. तेवढं सोडलं तर पुस्तक चांगलं आहे. मी हसलो बऱ्याच ठिकाणी." आणि त्याने ग्वेनने दिलेली फोड एका घासात तोंडात टाकली.

बेसिलला फार आनंद झाला. आणखी एक चूक! प्रूडन्स म्हणाली, "बघा, पुन्हा पाणी!" आणि चर्चा संपल्याचं जाहीर केलं.

हिलरी आणि लेन गाडीने घरी निघाले. गाव मागे पडलं, गव्हाची शेतं सुरू झाली. मग तिने शक्य तितक्या सहज विचारलं, "तो टिडकोम तुला कोणासारखा वाटला रे?"

"माझ्यासारखा," लेन म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.

"लेन..."

"फक्त मी नाचताना कधी गटारांबद्दल बोललो नाही. मला नाचता येत नाही. ते जेवताना."

"तुला राग आला?"

"नाही. माणूस बरा रंगवलायस तू. कोटाची बटणं चुकीची लावतो वगैरे, ते मजेचं आहे." समोरून ट्रॅक्टर आला, तो जाईपर्यंत लेन थांबला. "एकच गोष्ट मला कळली नाही. दोनदा वाचून बघितलं, तरी नाही कळली. ती त्याला नाही म्हणते. तू तर माझ्याशी लग्न केलंस."

 विनोदी संवाद लिहिण्यात हिलरी पटाईत आहे असं प्रकाशकाने मलपृष्ठावर छापलं होतं. घर येईपर्यंत तिला एकही सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ग्वेनकडे गेली. ग्वेनने दार अर्धंच उघडलं.

"ये, लेखिकाबाई. बसशील की उभ्या उभ्या माझं निरीक्षण करशील?"

"ग्वेन, वेडी आहेस का? लेडी ग्रिम्पल तू नाहीस. ती प्रूडन्स आहे. नखशिखांत."

ग्वेनने दार पूर्ण उघडलं. "प्रूडन्स?" तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मग ती खुर्चीत बसून खो खो हसायला लागली. "आणि ती काय म्हणाली, डॅफ्नी! अगं बाई! खिडकी लावून घ्या म्हणे!" हसता हसता ती मध्येच थांबली. "पण तो केक?"

"केक तुझा," हिलरीने कबूल केलं. "तेवढाच."

"म्हणजे मी पुस्तकात आणखी कुठेच नाही?"

"नाही गं. शपथ."

"एवढ्या वर्षांची मैत्री," ग्वेन सावकाश म्हणाली, "तुझ्या दोन्ही बाळंतपणांत मी होते, तुझी आई गेली तेव्हा मी होते, आणि माझ्या वाट्याला काय, तर केकची फोड? तीही पातळ?"

या रागावर मात्र हिलरीकडे औषध नव्हतं. समजूत काढायला अख्खी सकाळ गेली, आणि पुढच्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण कबूल करावं लागलं.

पुढचं पुस्तक लिहिण्याचा तिचा विचार नव्हता, पण आता शब्द दिला होता. प्रकाशकाला आणखी एक काळा लॉर्ड हवा होता. हिलरीने तीन आठवडे प्रयत्न केला. लॉर्ड घोड्यावरून उतरायचा, दिवाणखान्यात यायचा, आणि तिला वाटायचं, हा आता बोलणार काय? शेवटी तिने त्याला परत घोड्यावर बसवून लावून दिलं आणि पहिल्या पानावर टिडकोमला आणलं. क्लेमेंटिनाची एक विधवा मावसबहीण त्याच्या शेजारच्या घरात राहायला येते आणि तिच्या तळघरात पाणी शिरतं, असं सुरू केलं. चरांचे उतार लेनला विचारून घेतले. लेन बोलत राहिला आणि ती, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, मध्ये न बोलता ऐकत राहिली. ऐकण्यासारखं त्यात बरंच होतं. थोडं नव्हतंही.

मागणीच्या प्रसंगाशी येऊन मात्र ती अडली.

"लेन, तू मला लग्नाचं विचारलंस तेव्हा नेमकं काय म्हणालास रे?" तिने जेवताना विचारलं. "ते धरणाच्या भिंतीवर. वाऱ्याने मला अर्धं ऐकूच आलं नव्हतं."

लेनने काटा खाली ठेवला. "मी कुठे विचारलं?"

"म्हणजे?"

"मी म्हणालो, ही भिंत शंभर वर्षं टिकेल. तू म्हणालीस, तोपर्यंत आपलं लग्न झालेलं असेल ना? मला वाटलं, तू विचारतेयस. मी म्हणालो, हो."

"मी थट्टा केली होती!"

"असेल. मला थट्टा कळत नाही, तुला माहीत आहे. मी घरी जाऊन आईला सांगून टाकलं."

हिलरी आधी हसली, मग वाद घालायला लागली. बटाटे निवून गेले तरी दोघांचं भांडण चालूच होतं. विचारलं कोणी, हे काही ठरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने तो प्रसंग जसा लेनने सांगितला तसाच, वाऱ्यासकट लिहिला, फक्त धरणाच्या जागी पाण्यावर चालणाऱ्या गिरणीचा बांध घातला.

पुस्तक पहिल्याच्या निम्मंही खपलं नाही. प्रूडन्स म्हणाली, लेडी ग्रिम्पल नाही तर वाचायचं कशाला, डॅफ्नीलाही ती फार आवडली होती. ग्वेनने आपलं प्रकरण दुकानात, चर्चमध्ये आणि दातांच्या डॉक्टरांकडे वाचून दाखवलं. त्यातलं सगळं खोटं आहे, असं ती प्रत्येकाला अभिमानाने सांगायची. बेसिलला या खेपेला घोड्यांचा हिशेब बरोबर आढळला आणि तो जरा हिरमुसला. मग त्याला शेवटचं प्रकरण सापडलं.

"हिलरी, बाकी ठीक आहे," तो मंडळाच्या बैठकीत म्हणाला. "पण ती विधवा बांधावर उभी राहून त्याला थट्टेत विचारते आणि तो खरं समजून हो म्हणतो? त्या काळातच काय, कुठल्याच काळात असं होत नाही. इथे तू वाचकाला अगदीच खुळं समजलीस."

इतर बायांनी मान डोलवली. हिलरीने शेजारी बसलेल्या लेनकडे बघितलं. या खेपेला तो रीतसर सभासद होऊन आला होता.

"मलाही ते पटलं नाही," लेन म्हणाला. "गिरणीच्या बांधावर एवढा वारा नसतो."