देवळातली नणंद

“हळू या माय, त्या दगडावर पाय देऊ नका, डुगडुगतो,” जानकीबाई मागं न बघताच म्हणाली. त्रेपन्न वर्षं ती ही वाट रोज चढत होती. कुठला दगड हलतो, कुठल्या बोरीचा काटा पदर धरतो, तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

मागून राजनंदिनी येत होती. पाठीवर कॅमेऱ्याची जड पिशवी, खांद्यावर तीन पायांचं स्टँड. पुण्याची ही मुलगी रानावनात पडलेली जुनी देवळं हुडकत हिंडायची आणि त्यांचे फोटो काढायची. श्रावणात ती पहिल्यांदा आली, तेव्हा दोन दिवस जानकीबाईच्याच घरी राहिली होती. चुलीपुढं बसून पिठलं-भाकरी खाल्ली होती. जाताना म्हणाली होती, “आजी, शिवरात्रीच्या सुमाराला परत येते. तेव्हा ऊन देवळातल्या त्या बाईच्या चेहऱ्यावर येतं म्हणालात ना, तो फोटो माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालायचाय.”

आज ती आली होती. जानकीबाईनं वाटेत एक शब्द सांगितला नव्हता. पदराआड हसू दाबत ती भराभरा चढत होती.

डोंगराच्या खांद्यावर, धावड्याच्या आणि पळसाच्या झाडीत महादेवाचं ते देऊळ निम्मं जमिनीत गेलेलं होतं. शिखर कधीचंच ढासळलेलं. मंडपाचं छत एका बाजूला फुटलेलं, आणि त्या फुटक्या छतातून सकाळी उन्हाची तिरीप आत यायची ती नेमकी एका खांबावर. त्या खांबाला दगडाची एक बाई होती. हातात आरसा धरून, मान जराशी कलती करून स्वतःकडे बघणारी.

जानकीबाई लग्न होऊन आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. गुरवाचं घर, देवळाची झाडलोट घरातल्या बाईकडे. तिसऱ्या दिवशी सासू, केसरबाई, तिला वर घेऊन आली आणि त्या खांबापुढं उभं करून म्हणाली, “पाया पड. ही तुझी नणंद. सासरी गेली न्हाई, आपल्यातच ऱ्हायली.” नवी नवरी खुदकन हसली होती. पण पुढं माहेरची आठवण आली, पहिलं मूल गेलं, नवरा गेला, तेव्हा ती याच नणंदेपाशी येऊन बसली. दिवाळीला तिला तेल लावायचं, संक्रांतीला हळदीकुंकू वाहायचं. एवढं तर घरच्या लेकीला करतातच.

मंडपाच्या पायरीवर सोमनाथ उभा होता. जानकीबाईचा पुतण्या. कडा गावच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या रंगवायचं काम करायचा. ट्रॉलीच्या मागं मोर काढावा तर त्यानंच. आज त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता.

“या ताई. ऊन आलंच बगा आता,” तो म्हणाला.

राजनंदिनी आत गेली आणि थांबली.

तिरीप बरोबर पडली होती. बाईचा चेहरा गुलाबी झाला होता. ओठ लालभडक, डोळ्यांत काळंभोर काजळ, भुवया कमानीसारख्या. चोळी लाल, नेसूचं हिरवंगार आणि त्याला पिवळे काठ. हातातला आरसा चंदेरी रंगानं चकाकत होता. ताज्या ऑइलपेंटचा वास मंडपात अजून कोंडलेला होता.

जानकीबाई राजनंदिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हसंल, आता म्हणंल, आजी, काय सुरेख!

राजनंदिनीनं पिशवी खाली ठेवली. खांबाजवळ जाऊन बोट पुढं केलं आणि न लावताच मागं घेतलं.

“हे कोणी केलं?”

आवाज असा आला, की जानकीबाई एक पाऊल मागं सरली. काय चुकलं ते तिला कळलं नव्हतं. पण काहीतरी फार मोठं चुकलंय, एवढं त्या आवाजावरून कळलं. आणि तोंडातून निघून गेलं, “काय की माय. आली आसतील कुनी टुकार पोरं.”

पायरीवर सोमनाथची हालचाल थांबली.

“सातआठशे वर्षं झाली असतील हिला,” राजनंदिनी बोलत होती. “गालावरची ती बारीक टाचणीएवढी खळी, ओठाच्या कडेची रेघ... सगळं बुजवलं. कोणा अडाण्याचे हात लागले हिला?”

सोमनाथनं हात पाठीमागं नेले. पण तिनं पाहिलं. त्याच्या नखांत हिरवा रंग होता.

“तुम्ही?”

सोमनाथनं एकदा काकूकडे पाहिलं. एकदाच. बोलायला जागा करून द्यावी, तसं. जानकीबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“व्हय. मीच,” तो म्हणाला.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कुनी न्हाई. माझ्याच मनानं.”

राजनंदिनीनं वही काढली. “मला हे सरकारात कळवावं लागेल. नाव सांगा.”

“सोमनाथ आसाराम गुरव.” आणि तो पायऱ्या उतरून निघून गेला.

वाडीत आल्यावर जीप यायला अजून तास होता. अर्ध्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. जानकीबाईनं ताट वाढलं. राजनंदिनीनं नको नको म्हणत चतकोर भाकरी मोडली, आणि मग सावकाश म्हणाली, “मघाशी मी फार चिडले. पण आजी, तुम्हाला किती लागलं असेल. इतकी वर्षं तुम्ही तिला जपलंत, आणि घरच्याच माणसानं असं करावं.”

जानकीबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. शिव्या दिल्या असत्या तर तिनं मुकाट ऐकून घेतल्या असत्या. ही माया तिला सोसवेना. वाटलं, ही जमीन आता फाटावी. अडुसष्ट वर्षांत कधी कुणाच्या शेतातली शेंग न विचारता तोडली नव्हती, आणि आज पोटच्यासारख्या पोराला पुढं ढकलून ती मागं उभी राहिली होती.

“ते नाव खोडा,” ती म्हणाली.

“कुठलं?”

“वहीतलं. सोमनाथचं. मीच त्याला करायला लावलं. तो म्हनत व्हता, काकू, दगडाला रंग बरा दिसंल का? मीच म्हनलं, तुला काय कळतं, लाव.”

“तुम्ही त्याला वाचवताय, आजी.”

“त्यानंच मला वाचवलं, माय. तुमच्या डोळ्यादेखत.”

राजनंदिनीनं ताट बाजूला सरकवलं. “पण का? कावून केलंत असं?” तिच्या तोंडून नकळत इथलाच शब्द आला.

“तुमी मागं मला कॅमेऱ्यात तिचा फोटो दावला. येवढा मोठा. तिच्या गालावर शेवाळ, नाकावर पाखराची घान. मला मेलीला रोज झाडून कधी दिसलं न्हाई, अन् फोटोत दिसलं. तुमी गेला अन् मला झोप येईना. मुलुकभर जानार तो फोटो. लोक म्हनतील, घरात बाई हाय का न्हाई? लेक अशी पाहुन्यापुढं उभी करत्यात व्हय?”

राजनंदिनी म्हणाली, “मला वाटलं, तो फोटो तुम्हाला आवडला.”

“लई आवडला. म्हनूनच तर लाज वाटली.” जानकीबाईनं डोळे पुसले नाहीत. “रॉकेलानं निगंल का? मी उद्याच बसते घासायला.”

“नको! आजी, आता तिला हात लावू नका. घासलं तर दगडच झिजेल. जाणकार माणसं येतील, ती ठरवतील काय करायचं.”

“तेल?”

“तेलसुद्धा नको.”

जानकीबाईनं मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिली, न कळताच कळलं म्हणावं तशी.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. राजनंदिनी उठली, पिशवी उचलली. जानकीबाई दारात आडवी उभी राहिली.

“आदी खोडा.”

राजनंदिनीनं वही उघडली. सोमनाथच्या नावावर रेघ ओढली आणि निघू लागली.

“आन् माझं लिवा.”

“कशाला आजी? राहू द्या.”

“लिवा, माय. जानकीबाई भानुदास गुरव. वय अडुसष्ट. मी सांगितलं म्हनून झालं, असं लिवा.”

ड्रायव्हरनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला. राजनंदिनीनं उभ्या उभ्याच लिहिलं. जानकीबाई पेनाच्या टोकाकडे बघत होती. अक्षर तिला वाचता येत नव्हतं. पण ओळ एका नावापेक्षा लांब होतेय, एवढं तिनं पाहून घेतलं. मग तिनं डाव्या हाताचा अंगठा पदराला पुसला आणि पुढं केला.

“अंगठा लागत नाही आजी याला,” राजनंदिनी हळूच म्हणाली.

जानकीबाईला ते ऐकू आलं. तरी अंगठा तिनं तसाच वहीपुढं धरून ठेवला.