आत्मारामची हद्दपारी

आत्माराम साठीला टेकला तेव्हा फ्रँकफर्टच्या मराठी मंडळाला त्याची आठवण झाली. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत त्याच्यावर एक पान द्यायचं ठरलं. मोटार कंपनीत नव्याने आलेला हृषिकेश एका शनिवारी दुपारी वही घेऊन फ्रँकफर्टजवळच्या र्युसेल्सहाइमला त्याच्या घरी आला.

"काका, सत्याहत्तर साली हॉटेलात भांडी घासत होतात, आणि आज टूलरूमचे प्रमुख, माइस्टर! अगदी सुरुवातीपासून सांगा. देश का सोडलात?"

हा प्रश्न तीस वर्षांत त्याला शंभरदा विचारून झाला होता. 'पोटासाठी' हे उत्तर तयारच असायचं. पण त्या दिवशी तो सकाळची पाळी करून आला होता, गुडघे ठणकत होते, आणि खोटं बोलायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

"सोडला नाही रे. मला घालवलं," तो म्हणाला. "माझ्या हातून माणूस मेला होता."

हृषिकेशचं पेन थांबलं. आत्माराम मात्र बोलत राहिला. सांगलीकडच्या एका कारखान्यात तो आणि त्याचा मित्र एकाच लेथवर आळीपाळीने काम करायचे. बिघडलेला जॉब, म्हणजे लेथवर कातलेला भाग, कुणाचा, यावरून दोघांची जुंपली. आत्मारामच्या हातात पाना होता. एकच घाव बसला. सदोष मनुष्यवधाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. येरवड्यातून सुटला तेव्हा फाटकाबाहेर थोरला भाऊ वासुदेव उभा होता. एका हातात नवा कोट, दुसऱ्या हातात विमानाचं तिकीट.

"गावाकडे फिरकू नकोस," एवढंच भाऊ बोलला. आत्माराम आजतागायत फिरकला नव्हता.

कॉफी घेऊन आलेली स्वरूपा दारातच उभी होती. लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बायकोला, लताला, त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. ते पोटात ठेवून ती तीन वर्षांपूर्वी गेली. स्वरूपाला मराठी समजायचं, पण ती बोलायची जर्मनच.

"पापा, वी हीस एर?"

त्याचं नाव काय होतं, असं ती विचारत होती. वकिलाने, भावाने, लतानेही हे कधी विचारलं नव्हतं. आत्माराम म्हणाला, "शिरीष."

"घरी कोण होतं त्याच्या?" तिने पुन्हा जर्मनमध्येच विचारलं.

"आई. आणि प्रभा, धाकटी बहीण."

आठवड्याने हृषिकेशचा फोन आला. "काका, कमिटीचं म्हणणं असं आहे, की..."

"ते पान राहू दे रे. तू वाईट वाटून घेऊ नकोस," आत्माराम म्हणाला. त्याला खरंच राग आला नव्हता.

पण शिरीषच्या घरी लिहायलाच हवं, म्हणून स्वरूपाने पाठ सोडली नाही. अखेर एका रविवारी त्याने प्रभाला पत्र लिहिलं. माफी मागायला शब्द सापडेनात, म्हणून काय घडलं ते सरळ लिहिलं आणि खाली सही केली. शिरीषच्या गावच्या जुन्या पत्त्यावर ते धाडलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. स्वरूपाला देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं.

'पत्र मिळालं. आई ब्याण्णव साली गेली. शेवटपर्यंत दादाचा डबा घासून ठेवायची. यापुढे लिहू नये.'

स्वरूपा त्याच्या शेजारी येऊन बसली. मग आत्माराम उठला, कामाचे कपडेही न बदलता पलंगावर आडवा झाला आणि भर दुपारी गाढ झोपला.