डावी पोटरी

पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात ताई एकोणीस वर्षं कामाला होती. कारखाना म्हणजे एक लांब खोली, आठ मशीनं आणि मधोमध कापड कापायचं टेबल. सगळ्याजणी तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या दोघीसुद्धा. खिडकी नुसती बघून ती माप सांगायची. कधी पडदा तोकडा झालाच, तर मालकीणबाई म्हणायच्या, खिडकीच चुकली असेल.

नवऱ्याला जाऊन दहा वर्षं झाली होती. त्याच्या शेवटच्या महिन्यात कळलं की त्याला एचआयव्ही आहे, आणि तपासणी केली तेव्हा तिलाही निघाला. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी. दर सहा महिन्यांनी दवाखान्यात रक्त द्यायचं. तिथल्या मोठ्या सिस्टर कागद बघून दर वेळी म्हणायच्या, "विषाणू सापडत नाही इतका कमी. शाबास." शाळेतल्या मुलीसारखं ताईला बरं वाटायचं.

आजाराशी तिने जमवून घेतलं होतं. जमत नव्हतं ते एकच.

तिला एक धाकटी बहीण होती, आठ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे धाकटीची वेणी घालण्यापासून तिच्या लग्नातली साडी निवडण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं होतं. नवरा गेल्यावर ताई पंधरा दिवस राहायचं म्हणून धाकटीकडे गेली. धाकटीची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. मुलगी रडली म्हणून ताईने तिला उचलायला हात पुढे केले, तर धाकटी पटकन मध्ये आली आणि मुलीला घेऊन म्हणाली, "नको ताई. रागावू नकोस."

ताई रागावली नाही. तिसऱ्या दिवशी काम आलंय असं सांगून ती परत गेली. भांडण झालं नाही, अबोला नाही. दर रविवारी फोन व्हायचा. काय जेवलीस, औषध घेतलंस का, मुलीला दात आले, मुलगी शाळेत जायला लागली. पण ये असं धाकटी म्हणाली नाही आणि येऊ का असं ताईने विचारलं नाही. फोन ठेवला की ताई बराच वेळ तशीच बसून राहायची. धाकटीच्या केसांचा वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करायची. कधी आठवायचा, कधी नाही.

मग एका रविवारी धाकटी म्हणाली, "ताई, येतेस का? मुलगी विचारते, मावशी फोनमध्येच राहते का?"

"बघते, रजा मिळते का," ताई म्हणाली. रजा तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजताच मागितली. मुलीच्या खोलीतल्या खिडकीचं माप फोनवर विचारून घेतलं आणि चार दिवसांत दोन पडदे शिवले. आकाशी, खाली पिवळी पट्टी.

बसचा प्रवास चौदा तासांचा होता. पहाटेची बस, खिडकीची जागा. शेजारी दोन बाया एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपल्या. त्यांना उठवायला नको म्हणून ताई जागची हलली नाही. वाटेत कुठे जावं लागायला नको म्हणून पाणीही प्यायली नाही. पडद्यांची पिशवी मांडीवर धरून ती सबंध दिवस बसून होती. बस थांबली की लोक चहाला उतरत. ताई आत बसून मनातल्या मनात पहिलं वाक्य ठरवत राहायची. "किती मोठी झाली!" हे नको, सगळेच म्हणतात. "ओळखलंस का मला?" हेही नको, नाही म्हणाली तर?

दुपारनंतर डावी पोटरी ठणकायला लागली. संध्याकाळी उतरली तेव्हा पाय टेकवेना. पोटरी उजवीपेक्षा जाड दिसत होती आणि हात लावला तर गरम.

मोठ्या सिस्टरनी मागे एकदा बजावलं होतं. एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, तर चोळायचा नाही आणि वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. "तुमच्या आजारात रक्ताची गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, गोळ्या नीट चालू असल्या तरी. त्यात तुमचं काम बसून." ताईला ते शब्द न शब्द आठवत होतं. तिने ठरवलं, उद्या. दहा वर्षांनी पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकायचं आणि टाकल्या टाकल्या दवाखान्यात चला म्हणायचं, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

दारात मुलगीच उभी होती. उंच, पुढचे दोन दात मोठे, थेट धाकटीचे. ताई ठरवलेलं सगळं विसरली. मुलगी म्हणाली, "मावशी, तू फोनमध्ये आवाजावरून जाडी वाटतेस."

"फोन जाडा आहे," ताई म्हणाली, आणि सगळे हसले.

मेहुण्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते लवकर बंद करून आले होते. चहा झाला. ताई पाय ओढत स्वयंपाकघरात कप ठेवायला गेली तेव्हा धाकटीने बघितलं.

"पायाला काय झालं?"

"काही नाही. बसून आखडलाय."

"बस इथे." धाकटीने तिला पलंगावर बसवलं, वाटीत तेल गरम करून आणलं, स्वतः खाली बसली आणि ताईचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

ताई नको म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण धाकटीचा तळहात पोटरीवर पडला आणि ताईने ते मिटून घेतलं. डॉक्टर, सिस्टर, रक्त घेणारी मुलगी, ही सगळी हातमोजे घालून तिला हात लावायची. त्याखेरीज दहा वर्षांत कुणाचा हात तिला लागला नव्हता. धाकटी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चोळत होती, मान खाली घालून. दुखत होतं, चांगलंच. ताईला दिसत होतं की हे चुकीचं चाललंय. तिला एवढंच म्हणायचं होतं, बारके, थांब. ती म्हणाली नाही. वरून तिला धाकटीचा भांग दिसत होता, त्यात दोन-चार पांढरे केस. तिने वाकून वास घेतला.

"काय गं?" धाकटी म्हणाली.

"काही नाही. चालू दे."

सकाळी पडदे लावायला म्हणून ताई स्टुलावर चढली आणि छातीत उजव्या बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ आली. श्वास अर्ध्यावर अडकू लागला. मेहुण्यांनी तिला धरून जिना उतरवला, रिक्षात घातलं. मुलगी शेजारणीकडे गेली.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई होती. पाय बघितला, छाती ऐकली आणि भराभर विचारायला लागली. कधीपासून? प्रवास किती? दुसरा काही आजार? रोजची औषधं?

पलंगाजवळ मेहुण्यांच्या ओळखीचा औषधवाला उभा होता, त्यांच्याच गल्लीतला, मदतीला बरोबर आलेला. ताई बोलता बोलता थांबली. इथे या घराला राहायचंय, आपण आठ दिवसांच्या पाहुण्या. तिने मान हलवली. "तसं काही नाही."

धाकटीने एकदा तिच्याकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाईला म्हणाली, स्वच्छ आवाजात, "तिला एचआयव्ही आहे. दहा वर्षं गोळ्या घेते. एकही चुकवलेली नाही."

औषधवाला तिथेच होता. मेहुणे शांतपणे त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "जरा बाहेर थांबता का?"

डॉक्टरीणबाईने पर्समधली गोळ्यांची डबी मागून घेतली, नाव वाचलं, कुणाला तरी फोन केला. रक्त पातळ करायचं औषध या गोळीशी पटतं की नाही हे बघावं लागतं, म्हणाली. पटत होतं. फोटो काढले तेव्हा कळलं, पोटरीत गाठ झाली होती आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला होता. "वेळेवर सांगितलंत. विषाणू दबलेला असला तरी शरीरात आत थोडी धग राहते, तिने रक्त गोठायला बघतं. वर चौदा तास बसून प्रवास, पाणी नाही."

"मी पाय चोळला काल," धाकटी म्हणाली. "त्याने झालं का?"

"चोळायला नको होता. पण त्यानेच झालं असं कुणी सांगू शकणार नाही. आपोआपही सुटते."

डॉक्टरीणबाई गेली. धाकटी खुर्चीवर बसून रडायला लागली. "आधी जवळ येऊ दिलं नाही, आणि हात लावला तर हे."

तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. ताईने तो बाजूला केला. "मला माहीत होतं चोळायचं नाही ते. सिस्टरनी सांगितलं होतं."

धाकटी रडायची थांबली. "मग बोलली का नाहीस?"

"तू थांबली असतीस," ताई म्हणाली आणि मास्क परत लावला.

सहा दिवसांनी घरी सोडलं. औषध निदान तीन महिने, आणि दीड महिना तरी लांबचा प्रवास नाही. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, मशीन कुठे पळून जात नाही. म्हणजे धाकटीकडे राहायचं, हे ताईने दहा वर्षं जे मनात धरलं होतं, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.

पण धाकटी आता तिच्या पायाकडे नुसती बघायची. चादर सारखी करताना पाय चुकवून करायची. ताईला राग येत नव्हता, आत कुठेतरी ओढ लागून राहायची. दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईने घट्ट इलॅस्टिकचे मोजे दिले. ते एकटीला चढेनात. ताई घामाघूम झाली. धाकटी दारातून बघत होती. शेवटी आली, जमिनीवर बसली आणि मोजा इंच इंच वर ओढू लागली. "तू पण ओढ की," म्हणाली. मग रोज सकाळी तेच.

एका सकाळी मुलीने विचारलं, "मावशी, तुला नक्की काय आहे?"

ताईने धाकटीकडे बघितलं. धाकटीने मोजा सोडला नाही. "तिच्या रक्तात एचआयव्ही नावाचा विषाणू आहे. गोळीने दबलेला. तू लहान होतीस तेव्हा मी घाबरले होते आणि तुला तिच्याकडे दिलं नव्हतं. माझं चुकलं."

"मग आता देतेस का?" मुलगी म्हणाली, आणि जाऊन ताईच्या मांडीवर बसली. दहा वर्षांची, जडशीळ, टोकदार कोपरांची. उजव्या मांडीवर बस, ताई म्हणाली.

सातव्या आठवड्यात निघायचा दिवस आला. ताई वाट बघत होती की धाकटी म्हणेल, राहा. म्हणाली असती तरी ताई नाहीच म्हणणार होती. तिकडे काम होतं, दवाखाना होता, स्वतःची खोली होती. तरी तिला ते ऐकायचं होतं. बॅग भरताना ऐकायचं होतं, जिना उतरताना, रिक्षात. घर दोन खोल्यांचं, मेहुण्यांची आई महिन्याभरात राहायला येणार, हे ताईला दिसत होतं.

बस लागली. जागा वाटेकडेची होती, धाकटीने मुद्दाम घेतलेली. दर थांब्यावर उतरून चालायचं, पाणी प्यायचं, हे तिने तीनदा सांगितलं. मग ताईचा हात हातात घेऊन नुसती उभी राहिली. तिच्या ओठांशी काहीतरी येतंय असं ताईला वाटलं. कंडक्टरने घंटी मारली.

"पोचलीस की फोन कर," धाकटी म्हणाली.

"करते," ताई म्हणाली.

चार महिन्यांनी ताईच्या रक्ताची तारीख होती. धाकटी एकटीच आली, दोन दिवसांसाठी. दवाखान्याच्या बाकावर दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. मोठ्या सिस्टरनी विचारलं, या कोण? "माझी बहीण," ताईने सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी धाकटीला बसमध्ये बसवून परत येताना ताईच्या लक्षात आलं, ती आली तेव्हा आपण पहिलं वाक्य काय बोललो ते आठवतच नाही; या वेळी ते ठरवायचंच राहून गेलं होतं.