नाकाड्या आणि पॉलिशचं चाक

मी बोलतोय, रोमन सम्राटाचं तोंड अंगावर वागवणारं कांस्याचं नाणं. आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या. शेकडो वर्षं तोंडात माती होती.

माझा जन्म घणाच्या एका घावात झाला. खाली ठसा, वर ठसा, मधे मी. एका अंगाला नाकाड्या सम्राट, दुसऱ्या अंगाला भालेवाला शिपाई. सोन्या-चांदीची भावंडं पेट्यांत जाऊन बसली, मी मात्र बाजार पाहिला. पाव, दिव्याचं तेल, चपलेचा तळ, सगळं माझ्यावर चाललं. गिऱ्हाईक मला मुठीत किती आवळून धरतंय, यावरून सौदा पटणार की नाही हे मी दुकानदाराआधी ओळखायचो.

पुढे कुणीतरी मला मडक्यात घालून पुरलं आणि परत न्यायला कुणी आलं नाही. मातीनं अंगावर हिरवी साय चढवली. लोक तिला गंज म्हणतात. म्हणोत बापडे! त्या सायीनंच माझं नाक राखलं.

आता मी चष्मे बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे आहे. जन्मभर लोकांना नजर दिली आणि याची स्वतःचीच विझत चालली. तरी जुनी नाणी जमवायची हौस सुटत नाही. जेवण झालं की आम्हा नाण्यांचा ट्रे मांडीवर घेतो, आम्हाला अंगठ्यानं वाचतो आणि बायकोला सांगतो, "हा दाढीवाला. हा नाकाड्या. अगं, अजून सगळे ओळखतो मी!" त्या 'अजून'वर गडी उभा आहे.

त्याचा मेहुणा नळ आणि दाराच्या कड्या पॉलिश करतो. सगळे त्याला 'चकाचक' म्हणतात. मन सोन्याचं, पण दिसेल ते घासायचं. भावोजी स्वतःचे डोळे तपासून घ्यायला गेले, तेव्हा त्यांना खूश करायला यानं आमचा ट्रे गुपचूप आपल्या शेडमध्ये नेला.

पहिला नंबर दाढीवाल्याचा लागला. चाक फिरलं आणि तो आरशासारखा लखलखला. मग मी. चाकानं माझी कड चाटली मात्र, मी ठरवलं, नाक द्यायचं नाही! त्याच्या तेलकट बोटांतून असा सटकलो, की थेट भंगाराच्या डब्यामागे.

तेवढ्यात ट्रे शोधत भावोजी दारात. चकाचकनं हौसेनं दाढीवाला त्यांच्या हातावर ठेवला. अंगठा फिरला. पुन्हा फिरला.

"हे कोण रे?"

"तुमचा दाढीवाला, भावोजी! कसा नवा केलाय बघा."

"अरे, याची दाढी कुणी केली?"

चकाचक हसला. मग त्यानं भावोजींचा चेहरा पाहिला.

"नाकाड्या कुठाय?"

"उडाला... इथंच कुठंतरी."

म्हातारा गुडघ्यांवर बसला. लोखंडाच्या किसात हात फिरवत डब्यामागे पोचला. त्याचा अंगठा माझ्यावर आला. कपाळ. भुवई. नाक.

"आहे! शाबूत आहे!"

चकाचकनं चाकाचं बटण बंद केलं आणि शेजारी फतकल मारली. "भावोजी, डोळे मिटतो. मलाही दाखवा कसं वाचायचं ते."

तेव्हापासून रोज दोन अंगठे माझ्यावर फिरतात. दाढीवाला शेजारीच असतो, गुळगुळीत आणि मुका.

तुम्हाला जुनं नाणं मिळालं तर एवढं ऐका: त्याला चमकवू नका, हातात घ्या. माझं नाकही झिजणार, ठाऊक आहे मला. पण चाकानं नाही. झिजायचंच तर अंगठ्याखाली झिजेन; मला घडवलं होतं ते हातांसाठीच.