सतरा नंबरचा शिक्का

बॉयलर इन्स्पेक्टर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण संशयाला काही कुणी निवृत्त करत नाही. नोकरीत असताना शेडमधली माणसं त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर हातोडीने ठोकायचा, कान लावून ऐकायचं आणि समोरचा जे सांगतोय ते खोटं धरून चालायचं, अशी त्यांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी. घरीही तोच खाक्या. दूधवाल्याचं माप, डॉक्टरचं निदान, शेजाऱ्याचं गोड बोलणं, सगळं आधी ठोकून बघायचं. बायको होती तोवर म्हणायची, मला बघायला आलात तेव्हाही तुमचं अर्धं लक्ष आमच्या भिंतीच्या भेगांकडेच होतं.

आता घरात ते आणि लेक, दोघंच. लेक चौतिशीची, एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिने आजवर दोन मुलं वडिलांसमोर आणली होती. पहिला फार हसत होता, म्हणून नापास. दुसऱ्याला आधीची नोकरी का सोडली असं विचारल्यावर त्याने उत्तराआधी पाण्याचा घोट घेतला, म्हणून तोही नापास. तिसऱ्याच्या वेळी लेकीने आधीच बजावलं. "बाबा, हा मला आवडलाय. याच्यातही खोट काढलीत तर चौथा दाखवणार नाही. याच्याशीच परस्पर लग्न करीन आणि तुम्हाला फोटो पाठवीन."

ती बोलली तसं करणारी होती, हे बापाइतकं कुणाला कळणार? होकार दिला आणि माणूस कुचका निघाला तर लेकीचं आयुष्य गेलं. नकार दिला तर लेकच गेली. निर्णय एकाच रविवारी करायचा होता, तोही त्या माणसाच्याच गोटात जाऊन.

कारण तिसरा होता फिटर. जुन्या इंजिनांच्या संग्रहालयात कामाला. संग्रहालयाची स्वतःची सहा मैलांची जुनी लाइन होती आणि तिच्यावर दर रविवारी वाफेची गाडी धावायची. शिवाय तिथल्या दालनात ‘थोरली’ ठेवलेली होती. थोरली म्हणजे इन्स्पेक्टरांनी नोकरीतल्या शेवटच्या महिन्यात पास केलेलं इंजिन. तिच्या पितळी पाटीवर त्यांचा सतरा नंबरचा शिक्का होता आणि ही गोष्ट लेकीने लहानपणच्या गोष्टींपेक्षा जास्त वेळा ऐकली होती. माझ्या हातून एकही खोटा बॉयलर पास झाला नाही, हे त्या गोष्टीचं शेवटचं वाक्य.

फिटर फाटकापाशीच उभा होता. अडतिशीचा, रुंद खांद्यांचा, निळ्या डांगरीतला. वाकून नमस्कार केला, प्रवासाची चौकशी केली. इन्स्पेक्टरांनी त्याचे हात पाहिले. गाडी धावायच्या दिवशी फिटरचे हात इतके स्वच्छ? नखांतसुद्धा काळं नाही. आणि डांगरीच्या उजव्या खिशाच्या तोंडाशी पांढरट डाग. त्यांनी ते मनात टिपून ठेवलं आणि नमस्काराला नमस्कार केला.

फाटकाच्या आत मोठा फलक होता. थोरली पुढच्या वर्षी पुन्हा धावणार, प्रवासी घेऊन. इन्स्पेक्टरांची छाती जराशी फुगली. आधी तिलाच बघू, असं त्यांनी म्हटलं.

फिटर म्हणाला, "बघू की काका. पण गाडी सुटायची वेळ झालीय, आधी चक्कर मारून येऊ."

चक्कर मारून झाली. लाकडी बाकांचा डबा, उघड्या खिडक्या, डोळ्यांत कोळशाची कणी. लेक खूश होती. इन्स्पेक्टर मात्र इंजिनाच्या धापांमधून फिटरचं बोलणं ऐकत होते. तो जुन्या पुलाबद्दल बोलला, सिग्नलच्या तारांबद्दल बोलला, पाणी भरायच्या टाकीबद्दल तर भरभरून बोलला. थोरलीचं नाव नाही. उतरल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, तर त्याने सिग्नलची केबिन दाखवायला नेलं. केबिन झाली तर साहेबांचा खास डबा. त्या डब्यातल्या आरशाची कडसुद्धा त्याने दाखवली. ज्याला बोलायचं नसतं तो फार बोलतो, हे इन्स्पेक्टरांनी अठ्ठावीस वर्षं पाहिलेलं होतं. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

शेवटी दालन आलं. उंच छप्पर, तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास, ओळीने पाच इंजिनं. पहिल्या चारांची माहिती फिटरने बारशापासून सांगितली. पाचवी थोरली. तिच्या अलीकडे तो थबकला आणि म्हणाला, काका दमले असतील, आधी चहा घेऊ या का?

इन्स्पेक्टरांच्या मनातली पाल आता चुकचुकायची थांबून सरळ भिंतीवरून धावायला लागली. त्यांनी लेकीला सांगितलं, की तू जा आणि तिघांचा चहा इथेच घेऊन ये. लेकीने एकदा बापाकडे आणि एकदा फिटरकडे बघितलं. "बाबा, जपून हं," एवढंच म्हणाली आणि गेली.

लोकांना आतली रचना दिसावी म्हणून थोरलीच्या भट्टीवरचा बाहेरचा पत्रा एका बाजूने काढून ठेवला होता. इंजिनाच्या भट्टीला दोन भिंती असतात, मधे उकळतं पाणी. त्या दोन भिंतींना एकमेकींशी धरून ठेवायला शेकडो लोखंडी दांडे असतात. त्यांची डोकी बाहेरून ओळीने दिसतात, एखाद्या जाड कोटाच्या बटणांसारखी. दांडा आत तुटला तर बाहेर दिसत नाही, म्हणून प्रत्येकाच्या टोकाला एक बारीक भोक पाडलेलं असतं. दांडा तुटला की त्या भोकातून पाणी ठिबकतं. शेडमध्ये त्या भोकाला ‘चुगली’ म्हणत. आणि तपासणारा ठोकून ठोकून तुटलेला दांडा शोधतो, तेव्हा त्याच्यावर खडूने फुली मारतो. जगातल्या कुठल्याही शेडमध्ये जा, फुली म्हणजे मेलेला दांडा.

सगळ्या भट्टीवर धूळ होती. फक्त छातीच्या उंचीवर, वीतभर रुंद आणि दोन हात लांब पट्टा तेलाच्या फडक्याने पुसलेला, चकचकीत. इन्स्पेक्टरांनी चष्मा पुढे ओढला. दांड्यांच्या डोक्यांच्या खोबणीत पांढरं काहीतरी अडकून राहिलं होतं. त्यांनी नखाने खरवडलं, बोटावर चोळलं. खडू.

मग सगळं जुळलं. स्वच्छ हात, खिशावरचा पांढरा डाग, ही टाळाटाळ. याला दांडे तुटलेले सापडलेत आणि याने फुल्या पुसून टाकल्यात. का? तर पुढच्या वर्षी गाडी धावायची आहे, बाहेर फलक लागलाय. उद्या या भट्टीपासून हातभर अंतरावर माणसं उभी राहतील, मागच्या डब्यांत पोरंबाळं असतील. आणि अशा माणसाला मी लेक द्यायची? राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर मनाला गारवाही वाटला. खोट सापडली होती. शंकासुर अजून म्हातारा झाला नव्हता.

"खडू कुणी पुसला?" त्यांनी विचारलं.

फिटरने पाण्याचा घोट घेतला नाही की तो हसलाही नाही. "मी पुसला, काका. आज सकाळी."

"किती फुल्या होत्या?"

"सात."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"सात दांडे मेलेले, आणि तुम्ही फडकं फिरवून मोकळे. बाहेर फलक लावून लोकांना बोलावताय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. सकाळपासून मला इथून लांब ठेवायला बघत होतात."

फिटर खाली बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, की थोरलीला तो तशी वाफेवर नेणार नव्हता. सातही दांडे बदलणार होता, एकट्याने, कुणाला न सांगता. इन्स्पेक्टर म्हणाले, प्रामाणिक माणसाला एकट्याने का करावं लागतं?

"काका, सातांच्याही चुगल्या बुजवलेल्या होत्या," तो म्हणाला. "खिळे ठोकून. पाणी ठिबकू नये म्हणून."

"मग हे तर सरळसरळ पाप आहे. कुणी बुजवल्या?"

"कुणी ते माहीत नाही. जुन्या शेडमधलं कुणीतरी, इंजिन अडकून पडू नये म्हणून. पण कधी ते कळतं. शेवटचा काळा रंग खिळ्यांच्या वर चढलाय, म्हणजे खिळे त्याच्या आधीचे." त्याने बोट उचललं, पण पितळी पाटीकडे पूर्ण नेलं नाही. "आणि तुमचा शिक्का त्या रंगानंतरचा आहे. पाटीवर तारीख आहे."

दालनाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी लहान मूल घंटा वाजवत होतं. इन्स्पेक्टर पाटीकडे बघत राहिले. सतरा. त्यांना तारीख वाचायची गरज नव्हती.

तो दिवस त्यांना पाठ होता. निवृत्तीला तीन आठवडे राहिलेले. शेडवाल्यांनी तपासणीनंतर निरोपाचा चहा ठेवला होता. अंगात नवा कोरा पांढरा शर्ट होता, लेकीने आपल्या कमाईतून आणलेला पहिला. बॉयलर तपासायचा म्हणजे एकाने बाहेरून ठोकायचं आणि इन्स्पेक्टरने कोळसा टाकायच्या तोंडातून भट्टीत उतरून, आतल्या टोकाला हात लावून ऐकायचं. बाहेरून नुसतं ठोकलं तर अर्धंच कळतं, हे त्यांनीच कितीतरी नवख्यांना शिकवलेलं. त्या दिवशी भट्टीच्या काळ्या तोंडापाशी ते उभे राहिले, शर्टाच्या बाहीकडे बघितलं आणि म्हणाले, बाहेरूनच घेतो. चुगल्या कोरड्या होत्या. आवाज बरा वाटला. शिक्का मारला.

त्यानंतर थोरली आठ महिने धावली. भरलेल्या डब्यांसकट. काही झालं नाही, यात त्यांचा काडीचाही हात नव्हता.

आणि घरी येऊन त्यांनी लेकीला सांगितलं होतं, माझ्या हातून एकही खोटा बॉयलर पास झाला नाही. अकरा वर्षं सांगत आले होते. सगळ्या जगाला ठोकून बघितलं, फक्त एका माणसाला सोडून. त्यांनी थोरलीच्याच पायरीला धरलं.

"तिला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. तिला या शिक्क्याचा किती अभिमान आहे, ते मला माहीत आहे. पंधरा दिवसांपूर्वी आत दिवा लावायला उतरलो होतो. सवयीने ठोकलं. फुल्या मारल्या आणि मग पाटी बघितली. आज तुम्ही येणार होतात. माझं चुकलं, काका. फुली पुसायची नसते."

"नसते," इन्स्पेक्टर म्हणाले.

आता गप्प बसणं सोपं होतं. फिटर जन्मात बोलला नसता. दांडे बदलले असते, रंग दिला असता, पुढच्या वर्षी लेक नवऱ्याबरोबर त्या गाडीत बसली असती आणि बापाचा शिक्का सगळ्यांना दाखवत सुटली असती. दोन माणसांनी मिळून बुजवलेली आठवी चुगली. इन्स्पेक्टरांनी तोही विचार केला, नाही असं नाही. मग त्यांनी चष्मा काढून फिटरच्या हातात दिला.

"हातोडी आणा. आणि खिशातला तो खडू काढा बाहेर."

लेक तीन कप सांभाळत आली तेव्हा तिला दिसलं ते असं: तिचा होणारा नवरा भट्टीच्या बाहेर हातोडी आणि खडू घेऊन उभा आहे, आणि तिचा एकोणसत्तर वर्षांचा बाप इंजिनावर चढून कोळसा टाकायच्या तोंडातून आत शिरतोय. अंगात तिने सकाळी इस्त्री केलेला पांढरा शर्ट. एक बाही आत्ताच काळी झाली होती. तिने कप पायरीवर ठेवले. तिला वाटलं, झालं, याच्यातही खोट सापडली.

"बाबा, काय चाललंय? शर्ट बघा तुमचा."

"होऊ दे खराब," आतून आवाज आला, बादलीतून यावा तसा. "मागे एकदा तू आणलेला शर्ट वाचवायला मी आत उतरलो नव्हतो. तुला ते कधी सांगितलं नाही. या इंजिनाला मी न बघता शिक्का मारलाय. आता गप्प उभी राहा आणि ऐक."

आतून भिंतीवर दोन टिचक्या आल्या, म्हणजे ठोका. फिटरने पहिल्या दांड्यावर हातोडी मारली. खणखणीत आवाज आला. दुसरा खणखणीत. तिसराही. चौथ्यावर मारली आणि आवाज आलाच नाही म्हणायचा, नुसतं ओल्या लाकडावर मारल्यासारखं थड. एक्स-रे काढणाऱ्या लेकीला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तेवढं तिलाही कळलं. तिने पितळी पाटीकडे बघितलं आणि मग नजर वळवली.

फिटरने खडू पुढे नेला, पण फुली मारायला त्याचा हात धजेना. मारली ती इवलीशी, कोपऱ्यात, न दिसेल अशी.

भट्टीच्या तोंडाशी काळं झालेलं डोकं वर आलं. इन्स्पेक्टरांनी मान वाकडी करून, डोळे बारीक करून त्या फुलीकडे पाहिलं.

"मोठी काढा, जावईबापू," ते म्हणाले. "लांबून दिसली पाहिजे."